बाई उशिरा येत नाही, तपासणी उशिरा पोचते

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त हैदराबाद इथं मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासमंडळात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज १० मार्च. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना प्लेग झाला, हे आपण दरवर्षी सांगतो. त्यातली एकच गोष्ट आज माझ्या विषयाला जोडून घ्यायची आहे. दवाखाना उघडून पेशंट येण्याची वाट बघत त्या बसल्या नाहीत. वस्तीत गेल्या.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. माझ्या पीएच.डी.चा विषय मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांतल्या बायकांचं आरोग्य आणि जात हा आहे. त्या कामात एक आजार पुन्हापुन्हा समोर आला. पुस्तकात त्याला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग म्हणतात, गावाकडं 'पिशवीचा कॅन्सर'. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार बायका त्यानं मरतात. जगभरात या आजारानं वर्षाला साधारण साडेतीन लाख मृत्यू होतात, म्हणजे त्यातला मोठा वाटा आपल्या देशाचा आहे.

हा कर्करोग वेळेत ओळखण्याच्या पद्धती गेल्या शंभर वर्षांत कशा बदलत आल्या आणि त्या बदलांत आपल्या वस्तीतली बाई नेमकी कुठं होती, यावर मी बोलणार आहे. आरोग्य विभागाच्या बैठकांत, शिबिरांच्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'बायका वेळेवर येतच नाहीत हो, जागृती नाही.' हे वाक्य खोटं आहे, असं मला सांगायचं आहे. माझ्याकडं त्याचा पुरावा आहे आणि तो धाराशिव जिल्ह्यातला आहे.

आधी आजार समजून घेऊ. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. तो इतका सर्रास आहे की लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतोच. दहातल्या नऊ जणांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप घालवून देतं, काही कळतही नाही. थोड्या बायकांमध्ये मात्र तो टिकून राहतो. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत, त्यांतले १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के केसेसना कारणीभूत असतात. टिकून राहिलेला विषाणू गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी हळूहळू बिघडवतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या कारणानं प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा काळ बराच कमी होतो.

पंधरा वर्षं म्हणजे किती ते बघा. मूल पहिलीत जाऊन पदवीधर होऊन बाहेर पडतं, एवढा वेळ. या सगळ्या काळात बिघडलेल्या पेशी दिसू शकतात, तपासता येतात आणि काही मिनिटांच्या उपचारानं काढून टाकता येतात. पोट फाडायचं नाही, केमो नाही. इतकी सवड देणारे कर्करोग फार थोडे आहेत. तरीही वर्षाला ८० हजार बायका मरत असतील, तर प्रश्न फक्त विषाणूचा राहत नाही.

आता समाजशास्त्राकडं येते. या आजाराबद्दल आपल्याकडं वर्षानुवर्षं एक कथा सांगितली गेली. गरीब बाया, अस्वच्छ राहणी, खूप बाळंतपणं, 'चारित्र्य'. जननेंद्रियांची अस्वच्छता हे कारण म्हणून कित्येक पिढ्यांना शिकवलं गेलं आणि आजही शिबिरातल्या भाषणांत ते ऐकू येतं. जातीच्या समाजात 'अस्वच्छ' हा शब्द कुणावर चिकटतो हे या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही. ज्या बाईच्या वस्तीत नळाला पाणी नाही, कोपीला न्हाणीघर नाही, तिलाच सांगायचं की तुझ्या घाणेरडेपणामुळं तुला रोग झाला. कारण विषाणू आहे हे सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. तरी शुद्ध-अशुद्धाची कथा चालूच आहे, कारण तिचं काम वेगळंच आहे. दोष बाईवर टाकला की व्यवस्थेला हिशेब द्यावा लागत नाही.

यात 'चारित्र्या'चा मुद्दा तर सरळ उलटा आहे. आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही हा विषाणू होतो, कारण तो नवऱ्याकडूनही येतो. लहान वयात लागलेलं लग्न आणि लागोपाठची बाळंतपणं यांनी धोका वाढतो हे खरं. पण लग्न कधी लागावं हे त्या मुलीनं ठरवलेलं नसतं.

आता तपासणीचा इतिहास. त्याचे चार टप्पे मी सांगते.

पहिला टप्पा सूक्ष्मदर्शकाचा. जॉर्ज पापानिकोलाउ हे ग्रीसमधून अमेरिकेत गेलेले डॉक्टर. गर्भाशयाच्या मुखाजवळच्या पेशी काचपट्टीवर घेऊन बघितल्या तर कर्करोग आधीच ओळखता येतो, हे त्यांनी १९२८ साली मांडलं आणि १९४० च्या दशकात ते जगानं मान्य केलं. त्यांच्या नावावरून तिला पॅप टेस्ट म्हणतात. त्यांची पत्नी अँड्रोमाकी यांनी त्यासाठी कितीतरी वर्षं स्वतःचे नमुने दिले, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. पॅप टेस्टनं श्रीमंत देशांत या आजाराचे मृत्यू खूप खाली आणले. पण तिला प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो, अहवाल बाईपर्यंत परत पोचावा लागतो आणि दर काही वर्षांनी हे सगळं पुन्हा करावं लागतं. आपल्याकडं हे मोठ्या शहरांतल्या, पैसे मोजू शकणाऱ्या बायकांपुरतं राहिलं.

दुसरा टप्पा व्हिनेगरचा. गर्भाशयाच्या मुखाला ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावायचं, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातलं व्हिनेगरच. मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो. या पद्धतीला व्हीआयए म्हणतात. तिच्या मोठ्या चाचण्या भारतातच झाल्या. तामिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात नर्सनी ही तपासणी केली आणि मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. तो अहवाल २००७ साली आला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला. तिथं तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. किमान दहावी झालेल्या, त्याच भागातल्या बाया होत्या आणि त्यांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. दर दोन वर्षांनी त्यांनी तपासणी केली आणि त्या वस्त्यांतले या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

ही गोष्ट मी मुद्दाम सावकाश सांगतेय. ज्ञानावर मक्तेदारी कुणाची, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. दहावी झालेली वस्तीतली बाई चार आठवड्यांत शिकून शेजारणींचे जीव वाचवू शकते, हे मुंबईत मोजून सिद्ध झालेलं आहे.

तिसरा टप्पा विषाणूच्या तपासणीचा आणि इथं धाराशिव येतं. तेव्हा नाव उस्मानाबाद होतं. आपण हैदराबादेत बसलोय. हा जिल्हा एकेकाळी याच निजामाच्या राज्यात होता. १९९९ पासून तिथल्या गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायकांचा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं ते काम होतं. चार गट केले. एका गटाला एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए. चौथ्याला तपासणी नाही, तेव्हा जी नेहमीची सेवा होती तेवढीच.

२००९ साली निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४ बायका या कर्करोगानं गेल्या. एचपीव्हीच्या गटात बायका जास्त होत्या, तरी मृत्यू ३४ होते. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत एका फेरीनं असा ठोस फरक दिसला नाही. तपासणी नसलेल्या गटात ११८ जणींना कर्करोग झाल्याचं कळलं, त्यांपैकी ८२ जणींचा आजार तोवर दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात गेला होता. एचपीव्हीच्या गटात १२७ जणींना निदान झालं, पण पुढं गेलेला आजार फक्त ३९ जणींचा होता. वेळेत ओळखणं म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत आहे.

आता तो पुरावा. ज्या तीन गटांना तपासणी देऊ केली त्यांत १ लाखाच्या थोड्या वर बायका होत्या. त्यांतल्या किती आल्या असतील? जवळपास ८० हजार. दहातल्या आठ. गावखेड्यातल्या, बहुतेक शेतात राबणाऱ्या बायका. 'जागृती नाही' म्हणतात त्याच. गावात कुणीतरी आलं, नीट समजावून सांगितलं, तारीख दिली, पुढच्या उपचाराची सोय केली, आणि त्या आल्या.

यापुढं दुसरा आकडा ठेवा. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं की तुमची ही तपासणी कधी झाली आहे का. देशभरात 'हो' म्हणणाऱ्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. काही राज्यांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. तामिळनाडूत ते ९.८ टक्के होतं, कारण तिथल्या सरकारनं प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नर्सना शिकवून हे काम त्यांच्या रोजच्या कामात घातलं. म्हणजे एकाच देशात, एकाच आजारासाठी कुठं दहातल्या आठ, कुठं शंभरातल्या दहा आणि कुठं हजारातल्या दोन-तीन. बायका इतक्या वेगळ्या नसतात. त्यांच्यापर्यंत काय पोचतं, ते वेगळं असतं.

या चाचण्यांची दुसरी बाजूही आपण बोललीच पाहिजे. मुंबई, दिंडिगुल आणि धाराशिव मिळून १ लाख ३८ हजार ६२४ बायका तपासणी नसलेल्या गटांत होत्या. वर्षानुवर्षं त्यांच्यातले मृत्यू मोजले गेले. तपासणीनं जीव वाचतात हे जगाला माहीत असताना असा गट ठेवणं योग्य होतं का, बायकांना हे पुरेसं समजावून सांगितलं होतं का, यावर पुढं कडक टीका झाली. संशोधकांचं म्हणणं असं की भारतात तेव्हा सरकारी तपासणीच नव्हती, त्यामुळं कुणाकडून काही काढून घेतलं नाही. या उत्तराकडं नीट बघा. 'तुमच्याकडं आधीपासून काही नव्हतंच' ही अवस्था कुणी निर्माण केली, हा प्रश्न त्यात गायब होतो. मी या अभ्यासांना नाकारत नाही, त्यांच्याच आकड्यांवर आज बोलतेय. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीची शिफारस करते, त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत धाराशिवच्या बायकांचा वाटा आहे. मग त्या ज्ञानाचा पहिला हक्क कुणाचा?

असा प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या लोकांनीही विचारला आहे. हेन्रिएटा लॅक्स ही तंबाखूच्या शेतात राबलेली काळी बाई १९५१ साली याच कर्करोगानं वारली. तिला न विचारता घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि 'हेला' नावानं जगभर विकल्या गेल्या. एचपीव्हीचा १८ नंबरचा प्रकार त्या पेशींमध्येही सापडला. तिच्या वारसांना एका मोठ्या कंपनीकडून तडजोड मिळायला २०२३ साल उजाडावं लागलं.

आणि आपल्या शेजारचं खम्मम. २००९ साली एचपीव्ही लसीचा एक प्रकल्प तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात झाला. १० ते १४ वयाच्या तेवीस-चोवीस हजार मुली त्यात होत्या. खम्ममध्ये त्यांत भद्राचलम भागातल्या, आश्रमशाळांत राहणाऱ्या आदिवासी मुली मोठ्या संख्येनं होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले, २०१० साली प्रकल्प थांबला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळं झाल्याचं आढळलं नाही. पण बऱ्याच मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं बाहेर आलं आणि २०१३ साली संसदीय समितीनं त्यावर ताशेरे ओढले. पुढं काय झालं ऐका. याच सुमारास देशात दुसरा एक लस-अभ्यास चालू होता. २०१० च्या स्थगितीमुळं त्यातल्या अनेक मुलींना पुढचे डोस मिळालेच नाहीत. त्यांचा दहा वर्षं मागोवा घेतल्यावर दिसलं की एका डोसनंही उत्तम संरक्षण मिळतं. जगभर एका डोसची मान्यता मिळण्यात या मुलींचा मोठा हात आहे.

मी लसीच्या विरोधात नाही. नऊ ते चौदा वयाच्या आपल्या बहिणी-भाच्यांना ती मिळावी असंच म्हणेन. पण वस्तीतली एखादी आई 'कसली सुई देताय?' म्हणून दार लावून घेते, तेव्हा ते अज्ञान समजू नका. आपल्या लेकींना न विचारता काय काय झालं, याची आठवण समाजात असते. विश्वास मागण्याआधी संमती घ्यायला शिकावं लागतं.

तपासणी जिथं पोचत नाही तिथं पोकळी राहत नाही. तिथं भीती पोचते. माझ्या अभ्यासाचा भाग असलेला बीड जिल्हा घ्या. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, तरी बाई अंगावर काढते, कारण झोपून राहणं परवडत नाही. अशी बाई शेवटी खाजगी दवाखान्यात गेली की तिला सांगितलं जातं, 'पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल.' बहुतेकींना यापलीकडं कसली तपासणी झाल्याचं आठवत नाही. मला मुलाखत दिलेल्या एका बाई म्हणाल्या, "कॅन्सरचं नाव काढल्यावर इचारायचं काय राहतंय, बाई? उचलीतनंच भरले पैसे." २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं बीडमधल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहातली एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. तोडीला जाणाऱ्या बायका कोण असतात? दलित, बंजारा, वंजारी आणि इतर भूमिहीन, कोरडवाहू जातींतल्या. ज्या कर्करोगाच्या नावानं त्यांची गर्भाशयं गेली, त्याची साधी तपासणी मात्र त्यांना कुणी देऊ केली नव्हती.

आणि शिबिरांचं वेळापत्रक बघा. तोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात गावात शिबिर लावलं तर यांच्या घराला कुलूप असतं. मग अहवालात लिहितात, 'प्रतिसाद कमी'.

चौथा टप्पा आत्ता चालू आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली आणि नमुना बाईनं स्वतः घेतला तरी चालेल, असं सांगितलं. मऊ ब्रश किंवा कापसाची काडी असते. बाई पडद्यामागं किंवा घरच्या न्हाणीत जाऊन स्वतः नमुना घेते आणि नळीत घालून देते. टेबलावर झोपायचं नाही, पाय वर बांधून घ्यायचे नाहीत, अनोळखी माणसासमोर लुगडं वर करायचं नाही. ऑस्ट्रेलियानं २०२२ पासून सगळ्या पात्र बायकांना हा पर्याय दिला आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. दवाखान्यातलं ते टेबल सगळ्यांसाठी सारखं नसतं. नाव, आडनाव, वस्ती विचारल्यावर आवाज बदलतो, हे तुमच्यातल्या अनेकांनी आईबरोबर जाऊन बघितलं असेल. बाळंतपणात 'तेव्हा नाही लाजलीस' असं ऐकलेली बाई दुसऱ्यांदा त्या टेबलावर कशाला चढेल? स्वतः नमुना घेण्यात तिची लाज, तिचा मान तिच्या हातात राहतो.

पण काडी दिली म्हणजे झालं, असं नाही. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. पुढं भिंगातून बघावं लागतं, गरज असेल तर बिघडलेला भाग उष्णतेनं जाळून टाकतात. तेही थोड्या वेळाचं काम आहे आणि छोट्या केंद्रातही होऊ शकतं. बाई पॉझिटिव्ह आल्यावर तिला जिल्ह्याच्या गावी चार खेपा घालायला लावल्या, तर प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेली मजुरी. मग ती घरी बसते आणि आपण म्हणतो, 'फॉलोअपला आली नाही.' आशाताईंना मानधन तुटपुंजं आणि कामाचे रजिस्टर डझनभर, हेही विसरू नका.

सरकारचं उद्दिष्ट कागदावर आहे. ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी, असं २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जगाचं उद्दिष्टही आहे: २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची ३५ आणि ४५ या वयांच्या आत एकेकदा चांगल्या प्रतीची तपासणी, ९० टक्क्यांना उपचार. ७० कुठं आणि आपले दोन कुठं. शिवाय त्या दोन टक्क्यांत कोणत्या जातीच्या बायका आहेत? देशाच्या कर्करोग नोंदणीच्या अहवालांत वय, जिल्हा, अवयव यांप्रमाणे आकडे मिळतात. जातीप्रमाणे मिळत नाहीत. जे मोजलं जात नाही त्याबद्दल कुणाला जाबही विचारता येत नाही. जातनिहाय गणनेची मागणी आपण नोकऱ्यांसाठी, जागांसाठी करतो. ती आजारांच्या नोंदीसाठीही केली पाहिजे.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि तो भार सरकारनंही उचलावा अशी भूमिका घेतली. बाईच्या शरीराचा खर्च ही तिची खाजगी बाब नाही, हा विचार आपल्याकडं तेव्हापासून आहे. तपासणीची मागणी करताना आपण काही नवीन मागत नाही.

शेवटी तुमच्या-माझ्याबद्दल. या सभागृहातले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. घरात दवाखान्याचा कागद वाचणारं माणूस आपणच असतो. म्हणून काही साध्या गोष्टी सांगते.

आईला, मावशीला, वहिनीला विचारा: ही तपासणी कधी झाली आहे का? वय तीसच्या पुढं असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात ती मागा. आई पन्नाशीच्या पुढची असेल, पाळी गेली असेल, तर व्हिनेगरची तपासणी तितकी उपयोगी पडत नाही, कारण बघायची जागा आत सरकते. तेव्हा एचपीव्ही तपासणी कुठं होते ते विचारा. पाळी गेल्यावर रक्त जात असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, घाण वासाचं पाणी जात असेल, तर शिबिराची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडं जा. कुणी 'पिशवी काढा' म्हटलं तर आधी विचारा: कोणती तपासणी केली, तिचा कागद कुठं आहे, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ का? घरात कुणी एचआयव्हीसह जगत असेल तर तिची तपासणी पंचविशीपासूनच सुरू व्हायला हवी.

मुलांनी, पुरुषांनी हे 'बायकांचं' म्हणून सोडू नये. विषाणू दोघांमध्ये असतो. आईशी या विषयावर बोलायला लाज वाटते हे मला माहीत आहे; बहिणीला सांगा, आशाताईला सांगा, पण सांगा. घरून दवाखान्यापर्यंतचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी याची सोय तुम्ही केलीत, तर अर्धं काम झालं.

आणि आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाका. गेल्या वर्षी किती बायकांची तपासणी केली, किती पॉझिटिव्ह आल्या, त्यांतल्या किती जणींना उपचार मिळाले, शिबिर कोणत्या महिन्यात लावलं. एवढे चार प्रश्न. उत्तरं आली की मला पाठवा, आपण एकत्र बसून वाचू. धाराशिवच्या बायकांनी पंचवीस वर्षांपूर्वी दहात आठ येऊन आपलं काम केलेलं आहे. आता विचारायची पाळी आपली आहे.

जय भीम. जय सावित्री.